शुक्रवारी न उचललेला फोन

दादा, धाकटीचा नमस्कार. मी खुशाल आहे, गुडघाही आता कुरकुरत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तुझा फोन वाजत राहिला, मी उचलला नाही. धर्म बदलला तशी हिने माणसंही टाकली, असं तू धरून बसलास ना? अरे, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत आम्हा ज्यू लोकांचा विसाव्याचा दिवस, तेव्हा आम्ही फोनला हात लावत नाही.

माणसं उलट वाढलीत. परक्यावरही माया करायची, हे त्यांच्या धर्मग्रंथात वाचत वाचतच मी या वाटेला लागले. हे गेल्यापासून एकटी जेवायचे. आता शुक्रवारी चारपाच जण तरी असतात. वरच्या मजल्यावरची भांडखोर बाईसुद्धा येते, मिठाला नावं ठेवते आणि दोनदा वाढून घेते. त्या दिवशी तीच म्हणाली, "उचल की, रागावेल कोणीतरी."

"रागावू दे, भाऊ आहे माझा."

यांच्या नावाने दिवा लावते. हे ज्यू नव्हते, तरी चालेल का, असं आमच्या धर्मगुरूंना विचारलं, तर म्हणाले, "आठवण काढायला परवानगी कसली?"

वहिनीचा खोकला थांबला का?

शनिवारी अंधार पडताच मी तुला फोन केला. रोज करतेय, तू उचलत नाहीस. तुझा शनिवार कधी संपतो, तेवढं कळव.

तुझी, होती तीच,
धाकटी