भाऊजींची फटफटी आणि भंगारातल्या मोटारी

डोंबिवली, सोमवार

ती. सौ. गोदाताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (तेल लावतेस, की नुसती बाटली उशाशी ठेवतेस?) मी ठीक आहे. फोनच केला असता, पण तुमच्याकडे भाऊजी फोन स्पीकरवर घेतात. म्हणून पत्र, तेही शेजारच्या भीमाबाईंच्या पत्त्यावर.

गाडी दुरुस्त होत नसेल तर भंगारात दे, असा तुझा निरोप मिळाला. अगं, ती आता निम्मी भंगारातूनच आलेली आहे! आजारपणानंतर भाऊजी सोफ्याला चिकटले, बोलेनासे झाले, त्यांना काहीही करून घराबाहेर काढ म्हणून तूच माझ्याजवळ रडली होतीस ना? म्हणून तर त्यांची जुनी फटफटी टेम्पोत घालून मी खडवलीहून इथे आणली आणि दर रविवारी देखरेखीला या अशी त्यांना गळ घातली. आमच्या गल्लीतला मितेश मेकॅनिक म्हणाला की हिच्या वायरिंगचे पार्ट आता मिळत नाहीत, मोडीत काढलेल्या मोटारींचे बसवू.

झालं. वागळे इस्टेटमागच्या भंगारवाल्याकडे भाऊजी जे रमले, ते तू साड्यांच्या सेलमध्ये रमतेस तसे (राग मानू नकोस). आधी मोटारीचा हॉर्न आणला. तो ऐकून लोक घाबरून बाजूला व्हायचे आणि आमचं ध्यान बघून शिव्या द्यायचे. शिवाय हॉर्न दाबला की हेडलाइट डोळे मिटायचा. मितेशने मोटारीचाच रिले (हॉर्नला वेगळी वीज देणारा स्विच) दोघांच्या मध्ये बसवला, तेव्हा कुठे त्यांचं जमलं.

मग ब्रेकचा दिवा. मितेश चहाला गेला तेवढ्यात भाऊजींनी कुठल्याशा डिकीतून उपटून आणलेला वायरींचा जुडगा, त्याला लोंबणाऱ्या काळ्या डबीसकट, स्वतःच्या हाताने जोडला. (डबी कसली, हे मला विचारायला हवं होतं.) दिवा लागला, म्हणून आम्ही ऐटीत ठाण्याला चक्कर मारायला निघालो. नौपाड्यात सिग्नलला ब्रेक दाबताच सीटखालून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "कृपया ध्यान दें, गाडी पीछे आ रही है." मागचा रिक्षावाला खरोखरच रिक्षा ढकलत मागे सरकला. ट्रॅफिक हवालदार आला, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि शांतपणे म्हणाला, "काका, ही मागे कशी येते ते जरा दाखवा."

ताई, भाऊजी हसले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मागे बसून मी रडत होतो, हेल्मेट होतं म्हणून बरं.

मोटार मागे घेताना बोलणारी ती डबी आता काढलीय. गाडी दिवसभर झकास चालते. फक्त संध्याकाळी भाऊजी ती खडवलीला न्यायला निघाले की बंद पडते. मितेशने हात टेकले. भाऊजी मात्र चिडत नाहीत, पुढच्या रविवारी बघू म्हणतात आणि चालत स्टेशन गाठतात. तेव्हा भंगाराची घाई करू नकोस.

तुझा,
प्रफुल्ल

ता. क. आमची लेक रुपाली नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून रविवारी घर खायला उठतं. भाऊजी येतात म्हणून निदान एक दिवस मी नीट स्वयंपाक करतो.

आणखी एक ता. क. खरं काम राहिलंच. काल संध्याकाळी मी गॅलरीत होतो. खाली भाऊजींनी इकडेतिकडे बघितलं, सीट उचलली, फ्यूज काढला आणि पँटच्या खिशात टाकला. मग मला हाक मारली, "प्रफुल्ल, बंद पडली रे." तू धुण्याआधी त्यांचे खिसे तपासतेस. फ्यूज सापडला तर पँट वाळल्यावर परत त्याच खिशात ठेव, आणि त्यांना काही विचारू नकोस.