चौथ्या गाण्यातला श्वास

कारे, ३ नोव्हेंबर १९९८

चि. एनोरास, स्वाझिग मावशीचे अ. आ.

रोझेनची सीडी मिळाली, ब्रेस्टच्या कार्यक्रमाची. तुझ्या या थोरल्या बहिणीनं आजवर इंग्रजीत गाऊन माझं डोकं उठवलं. आता पहिल्यांदाच फ्रेंचमध्ये गायली म्हणून मी कान देऊन ऐकलं, आणि तिथंच मनात पाल चुकचुकली. चौथ्या गाण्यात एक ओळ संपायच्या आत ती पुढची धरते. मधे श्वासच नाही. बाई आहे की लोहाराचा भाता?

तुम्हा दोघींना आपल्याकडचं जोडीनं गायला मीच शिकवलं. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं तिला शेवटच्या अक्षरांवर गाठायचं आणि गाणं पुढं न्यायचं. दुसरी नेहमी तूच असायचीस, आणि जरा घाईनं गाठायचीस. तुमचे आवाज ओळखू न येण्याइतके सारखे, पण तीच घाई मला या सीडीत ऐकू येते. तू तर फक्त मागं उभी राहून आ-आ करायला होतीस ना? मग पुढं कशी आलीस? वर नाव तर एकट्या रोझेनचं आहे. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहून विचारते.

माया आहेच, खरं कळेपर्यंत जरा राखून ठेवते.

तुझी मावशी


नांत, ९ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. मागं गाते म्हटल्यावर माझा आवाज येणारच की. आणि कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण नंतर थोडंफार साफ करतातच, सगळेच करतात. घाईबिई काही नाही, तुझे कान म्हातारे झालेत.

रोझेनच्या घशात गाठ आहे असं डॉक्टर म्हणतात, पण ती मजेत आहे. तिला यातलं काही विचारू नकोस, उगीच मनाला लावून घेईल. तुझं खारं लोणी संपलं. बाकी क्षेम.

आहे तेवढी माया पुरवून वापरते.

तुझी एनोरा


कारे, १४ नोव्हेंबर

चि. एनोरास आशीर्वाद.

लोणी मिळणार नाही. रोझेनला मी विचारलं नाही, तिचाच फोन आला. आवाज घोगरा. वसंतातल्या दौऱ्याआधी शस्त्रक्रिया केली नाही तर गळा कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि ही हसून मला सांगते, डॉक्टरांना काय कळतंय, ब्रेस्टला मी गायले तशी जन्मात गायले नव्हते, सीडी ऐक की. रोज लावून ऐकते म्हणे.

अगं, मी तुला चोर समजत होते. वाटलं, बहिणीच्या नावावर मिरवायचंय हिला. पण तू तर तिच्या बिघडलेल्या ओळी नंतर स्वतः गाऊन तिचा फाटका आवाज झाकलास, आणि तिला सांगितलंही नाहीस. आता तो गळा आपलाच आहे असं धरून ती दौऱ्यावर निघालीय. पुढच्या रविवारपर्यंत तू सांग. नाहीतर सोमवारी मी गाडीत बसते.

रागावलेय, तरी तुझीच,
मावशी


रेन, २३ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न.

एनोरा येऊन गेली. माझ्या स्वयंपाकघरात तिनं सीडी लावली आणि चौथं गाणं सोबत म्हणायला लागली. दोन ओळींत मला कळलं. मी हातातली बशी फेकली. वादकांना ठाऊक होतं, सीडी काढणाऱ्या कंपनीतल्या माणसांनाही. मी तेवढी रोज ऐकून खूश होत होते. ब्रेस्टला त्या रात्री मी कशी गायले ते आता मला ऐकायचंही नाही.

दौरा रद्द केलाय. गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. आवाज परत येईल का विचारलं, तर डॉक्टर हो म्हणाले नाहीत. मावशी, मला फार भीती वाटते.

नंतर कितीतरी दिवस तोंडातून एक शब्द काढायचा नाही. जवळ कोण बसेल असं नर्सनं विचारलं. एनोराशी मी अजून बोलत नाही, पण नाव तिचंच दिलं. माझ्याऐवजी तोंड उघडायची सवय तिलाच आहे.

आत्ता माया राखून ठेवू नकोस, सगळी पाठव.

तुझी रोझेन