सात झोनची ओवाळणी

२ ऑक्टोबर, दसरा
आज सोनं घेतलं नाही. त्याहून मोठं काम केलं. सर्व्हर बुक केला.
म्हणजे संगीताचा सर्व्हर. एक काळा डबा. त्यात घरातल्या सगळ्या सीडी, कॅसेट आणि वर लाखभर गाणी. प्रत्येक खोलीत छतातून आवाज. टॅबवर बोट ठेवायचं, बस्स. शोरूममध्ये डेमो ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एसी पण फार होता.
किंमत इथे लिहीत नाही. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही हे खरं, पण मलाही ती परत वाचायची नाहीये.
आसावरीला पाडव्याची ओवाळणी म्हणून देणार. गाणाऱ्या बायकोला याहून चांगलं काय द्यायचं? लग्नानंतर तिचं गाणं सुटलं ते सुटलंच. गेल्या वर्षी परत क्लास लावला. २३ नोव्हेंबरला डोंबिवलीत क्लासचा कार्यक्रम आहे, त्यात एकटी गाणार. लग्नानंतर पहिल्यांदाच स्टेजवर. मी पहिल्या रांगेत बसणार. तसा शब्दच दिलाय.

११ ऑक्टोबर
आसावरी आणि आमची मुलगी क्षिप्रा डोंबिवलीला, आसावरीच्या बहिणीकडे. दोघी बहिणी मिळून दिवाळीचा फराळ करतात. मीच आग्रह करून पाठवलं, चांगलं चार दिवस राहा म्हटलं. आसावरी म्हणाली, बरा आहेस ना?
इकडे दिपेश छताला भोकं पाडतोय. कंपनीचा माणूस. प्रत्येक वाक्यात दोनदा सर म्हणतो, बरं वाटतं. सात झोन काढले: हॉल, किचन, दोन बेडरूम, दोन बाथरूम आणि ड्राय बाल्कनी. ड्राय बाल्कनीत फक्त वॉशिंग मशीन आहे, पण दिपेश म्हणाला, सर, झोन सोडायचा नाही सर.
सर्व्हरला हवेशीर जागा लागते. बेडरूमच्या खिडकीजवळचा कोनाडा एकदम योग्य. तिथे आसावरीची पेटी होती, ती लॉफ्टवर टाकली. तात्पुरती. पेटीला हवेचं काय, तिचा भाता तिच्याजवळच असतो.

२२ ऑक्टोबर, पाडवा
आसावरीने ओवाळलं. मी तबकात टॅब ठेवला. तबक कलंडलं, निरांजन टॅबवर. थोडक्यात वाचलं, तूप पुसलं, बोट ठेवलं आणि सातही झोनमध्ये सनई! क्षिप्रा तेव्हा बाथरूममध्ये होती. किंचाळत बाहेर आली. तिचंच लग्न काढलं की काय असं वाटलं म्हणे तिला.
आसावरी छताकडे बघत राहिली. भारावलेली. मग विचारलं, माझी पेटी कुठाय?
साडू हरिहर सहकुटुंब जेवायला आलेला. हा माणूस मोबाइल स्टीलच्या पातेल्यात ठेवून गाणी ऐकतो. पातेल्यात! त्याला सगळे झोन फिरवून दाखवले. त्याने तीन करंज्या खाल्ल्या आणि विचारलं की घर साडेसहाशे फुटांचं ना, मग हॉलमध्ये लावलं तर बाथरूममध्ये आपोआप ऐकू येणारच की. गाढवाला गुळाची चव काय. मी शांतपणे झोन म्हणजे काय ते समजावलं. तो म्हणाला, अच्छा. त्या अच्छामधला जळफळाट मला स्वच्छ ऐकू आला. आता कानच तयार झालाय.

२९ ऑक्टोबर
आसावरी पोळ्या लाटताना अभंग गुणगुणत होती, कार्यक्रमाचाच. एकदम कल्पना सुचली. त्याच अभंगाचं मूळ रेकॉर्डिंग शोधलं आणि हॉलमधून किचन झोनला लावलं. तिला सोबत व्हावी म्हणून. वरून मूळ गायिका, खालून आसावरी. दोघींच्या पट्ट्या वेगळ्या, त्यामुळे जरा गलका झाला. मग मी आत जाऊन सांगितलं की मूळ ऐकल्यावर लक्षात येतं, अंतऱ्यात तू किंचित उतरतेस.
ती गप्प झाली. लक्ष देऊन ऐकत असावी. पोळी करपली.

३ नोव्हेंबर
किचनमधलं गुणगुणणं थांबलंय. माझ्या मते चांगली खूण. दर्जा कळला की माणूस आधी गप्प होतो.
क्षिप्रा म्हणाली, बाबा, आई गात नाहीये हे तुझ्या लक्षात आलंय का? मी म्हटलं, अगं, एक लाख गाणी घरात आहेत, आईला तेवढीच विश्रांती. क्षिप्राने तिच्या खोलीचं दार लावून घेतलं. ती तिथूनच ऑफिसचं काम करते. काल भर दुपारी तिच्या मीटिंगमध्ये छतातून भूपाळी सुरू झाली, त्याचा राग अजून आहे. साहेबांना आवडलीही असती, पण ते बंगलोरचे.

७ नोव्हेंबर
सिस्टीमचं अपडेट आलं. तेव्हापासून किचनला लावलं की ड्राय बाल्कनीत वाजतं आणि छोटं बाथरूम काही केल्या बंद होत नाही. दिपेश म्हणतो, सर, सिस्टीम अजून तुमचं घर शिकतेय सर. साडेसहाशे फूट शिकायला किती वेळ लागतो? पण मी संयम ठेवलाय.
मी सीडी चढवतोय. एकेका गाण्याचं नाव, राग, साल टाइप करायचं. त्यासाठी दोनदा ऑफिसला दांडी मारली. पूर्ण असं एकही गाणं अजून ऐकलेलं नाही. आधी कॅटलॉग, मग आनंद.
आसावरी हल्ली रोज संध्याकाळी खाली वॉकला जाते. तब्येतीकडे लक्ष द्यायला लागली, छान.

१२ नोव्हेंबर
आमच्या टॉवरचा सिक्युरिटी भगवान, त्याने लिफ्टपाशी गाठलं. इकडेतिकडे बघून म्हणाला, साहेब, मॅडम रोज बेसमेंटला तुमच्या गाडीत जाऊन बसतात. एकट्याच, काचा लावून. घरी सगळं ठीक ना?
तसाच खाली गेलो. खांबाआडून बघितलं. आसावरी पुढच्या सीटवर, डोळे मिटलेले, तोंड उघडं. रडतेय असंच वाटलं. मग तिचा हात वर गेला आणि मांडीवर अलगद पडला. सम. बाई गात होती.
बाहेर काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. गाडीच्या काचा काय भारी दिल्यात!
वाईट वाटलं. लिहून टाकतो, खूप वाईट वाटलं. घरात सात ठिकाणी गाण्याची सोय आणि हिला गायला गाडी लागते. निश्चय केला की पेटी लॉफ्टवरून खाली काढायची आणि तिच्या रियाजाच्या वेळेला सिस्टीम बंद म्हणजे बंद. उद्यापासून. आज अपडेट चालू आहे, मध्येच बंद करू नका असं स्क्रीनवर लिहिलंय.

१८ नोव्हेंबर
पेटी काढायला स्टूल लागतं. स्टुलावर टेबलफॅन आहे. टेबलफॅन सर्व्हरला लागतो, तो तापतो. सध्या काही करता येत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
उद्या कार्यक्रम. संध्याकाळी पाचला. आसावरी आणि क्षिप्रा सकाळीच मावशीकडे जाणार, मी मागून गाडीने. दिपेश दुपारी दोनला सिस्टीम दुरुस्त करायला येतोय. अर्ध्या तासाचं काम आहे, तीनला निघालो तरी चहा पिऊन पहिल्या रांगेत.
एक रेकॉर्डर पण घेतलाय. तिचं गाणं टिपायचं आणि सर्व्हरवर चढवायचं. लाख गाण्यांत एक आसावरीचं. केवढी खूश होईल!
झोपायच्या आधी विचारलं तिने, येशील ना? म्हटलं, हे काय विचारणं झालं. तिने परत एकदा विचारलं.

२३ नोव्हेंबर
दिपेश दोनऐवजी साडेतीनला आला. तेव्हाच निघायला हवं होतं. पण त्याने काहीतरी रिसेट केलं आणि सातही झोन मुके झाले. असं अर्धवट टाकून माणूस जातो का कुठे? आवाज परत येईपर्यंत थांबलो. मग घोडबंदर रोडला एक ट्रेलर आडवा. पुढे शिळफाट्याला तर गाडी हलेचना. गाडीत मी, महागडा रेकॉर्डर आणि पुढच्या सीटवर आसावरीची खडीसाखरेची डबी.
पोचलो तेव्हा खुर्च्या एकात एक रचत होते. फक्त पहिल्या रांगेतल्या दोन शिल्लक. एकीवर हरिहर बसलेला, दुसरीवर त्याचा रुमाल. शेवटपर्यंत माझी जागा धरून ठेवलेली त्याने. दोघांशी भांडला म्हणे त्यासाठी. त्याने मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. म्हणाला, प्रशांत, अरे अंतऱ्याला लोक श्वास रोखून होते.
आसावरी साडी सावरत आली. विचारलं, झाली का रे सिस्टीम दुरुस्त? टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. टोमणा असता तर फार बरं झालं असतं.

२५ नोव्हेंबर
रजा टाकली. हरिहरची क्लिप लावली, सातही झोनमध्ये. प्रत्येक खोलीत हरिहरचा खोकला, कुणाचं तरी बाळ, हॉलच्या पंख्याची घरघर. त्या सगळ्याच्या मधून आसावरी. अंतरा नीट ऐकला. परत लावून ऐकला. कुठेही उतरत नाही ती. मला काडीचं कळत नाही. हे इतकी वर्षं घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, माझ्यापासूनच लपवलं.
हे या सिस्टीमवर मी पूर्ण ऐकलेलं पहिलं गाणं.
मग मेन स्विच बंद केला. पंखा उतरवला, स्टुलावर चढलो, पेटी काढली, पुसली, कोनाड्यात ठेवली. काळा डबा लॉफ्टवर टाकला. दिपेशचा फोन येत होता, उचलला नाही. हॉलमध्ये बसून राहिलो.
आसावरी वर आली. पेटी बघितली, झाकणावरून हात फिरवला, चहा टाकला. म्हणाली, आज काही लावलं नाहीस? म्हटलं, नाही, म्हटलं तू गाशील.
म्हणाली, माझा झाला रे रियाज. खाली.
म्हटलं, आता खाली कशाला, सगळं बंद केलंय, घर तुझंच आहे. तर म्हणाली, गाडीत बरं वाटतं, मधेच दुसरं कुणी गायला लागत नाही. हे पण टोमणा न मारता.
चहा घेतला. जरा वेळाने हिंमत करून विचारलं, उद्या मागच्या सीटवर येऊन बसू का? एक अक्षर बोलणार नाही.
म्हणाली, विचार करून सांगते.