घुमट आणि कुरडया

अकोला, मंगळवार, १२ मे

बाळापूरच्या बंगल्याचा नकाशा आज पक्का झाला. डोकं उठलंय माझं. संत्र्यांची बाग असलेल्या सुधीरला पांढराशुभ्र ग्रीक बंगला हवा, वर निळा घुमट. मोबाइलवरचा सहलीचा एकच फोटो महिनाभर नाचवतोय.

आज शेवटचा प्रयत्न म्हणून मी ग्रीसमध्ये हल्ली बांधलेल्या घरांचे फोटो नेले. तिथल्याच डोंगराचा दगड, जाड भिंती, लहान खिडक्या, सपाट गच्ची. ऊनही आपल्यासारखंच, म्हटलं. सुधीरनं नीट पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, हा तं आमचा गोठा दिसून राहिला. मले घुमटच पायजे."

त्याची आई मात्र एक फोटो सोडेना. त्या गच्चीवर कुणीतरी टमाटे वाळू घातले होते. "हे तं आपल्यासारखंच हाय वो बाई!" मग माझ्या नकाशातल्या घुमटावर बोट ठेवून म्हणाली, "याच्यावर मी कुरडया कुठं वाळू घालू?"

मी सुधीरकडे पाहिलं. "इकत आणू," तो म्हणाला.

मी त्याची सही घेतली. काहून घेतली? नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी काढलाच असता घुमट. खरंय. पण कुरडयांचं काय, हे त्यातून सुटत नाही.

निघताना आईनं विचारलं, "ते टमाटेवालं घर कुठलं?"

"ग्रीसचं."

तिनं माझा नकाशा पुन्हा पाहिला. "अन् हे कुठलं?"