तीन नंबरच्या भट्टीचा वास

३ फेब्रुवारी
आज दात सरळ करायचे ट्रे बसवले. वरचा एक, खालचा एक. पारदर्शक. जवळून पाहिलं तरी कुणाला कळत नाही म्हणे. मुळात माझे दात चांगलेच आहेत. समोरचा एक जरा शेजारच्याच्या अंगावर रेललाय, एवढंच. पण जूनमध्ये आमच्या बिस्किट फॅक्टरीत मुख्य टेस्टर नेमणार आणि त्याचा हसरा फोटो पाकिटाच्या मागे छापणार. माझ्याशिवाय दुसरं आहे कोण? फॅक्टरीत मला ‘नाक’ म्हणतात. उगीच नाही म्हणत.

डॉक्टरीणबाईंनी सूचना दिल्या. दिवसाचे बावीस तास ट्रे तोंडात. खाताना, चहा पिताना काढायचे. परत लावण्याआधी दात घासायचे, ट्रेही घासून धुवायचे. नाहीतर अन्न आत अडकून बसतं, लाळ तिथवर पोचत नाही, दात किडतात, हिरड्या सुजतात. मी म्हटलं, बाई, स्वच्छता हाच माझा धंदा आहे. निर्धार : प्रत्येक खाण्यानंतर ब्रश. अपवाद नाही.

५ फेब्रुवारी
अपवाद आहे. दर बॅचचं बिस्किट चाखायचं म्हणजे दर बॅचला ट्रे काढा, घासा, लावा. बरं, पेस्टने घासलं की जीभ पुढचा तासभर बधिर. लोणी की वनस्पती तूप, काही कळत नाही. मी पगार जिभेचा घेतो. निर्णय : कामावर पेस्ट बंद. नुसती चूळ.

१२ फेब्रुवारी
शोध लागला! ट्रे काढायचेच कशाला? बिस्किटाचा तुकडा जिभेवर ठेवायचा, टाळूला लावून विरघळू द्यायचा, गिळायचा. दात मध्ये येतच नाहीत. दातांनी खाल्लं नाही तर घासायचं काय? बावीस काय, चोवीस तास ट्रे तोंडात. डॉक्टरीणबाई खूश होतील. चहासुद्धा हळूच, जिभेवरून.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, विरघळलेली साखर जाते कुठे? म्हटलं, पोटात. या बायकांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.

२० फेब्रुवारी
दोन नव्या टेस्टरांना धडा दिला. झाकलेली भांडी ओळीत ठेवायची, त्यात एक भांडं कोरं. धुतलेलं, रिकामं. कोऱ्या भांड्याला ज्याला वास आला त्याला घरी पाठवायचं. हा नियम फॅक्टरीत मीच आणला. मॅडमनी, म्हणजे आमच्या क्वालिटी हेडनी, सगळ्यांसमोर कौतुक केलं. जून पक्का.

दुपारी तीन नंबरच्या भट्टीवर गेलो. तिथे उस्ताद. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो, तो भट्टीवर, मी चवीवर. तेव्हापासूनची रीत आहे : बॅचचं पहिलं बिस्किट तो मोडणार, अर्धं मला, अर्धं त्याला. दोघं एकदम तोंडात टाकणार. आज त्याने विचारलं, चावत का नाहीस? म्हटलं, तंत्र आहे.

२ मार्च
तीन नंबरच्या बॅचला वास. हलकासा. ओल्या फडक्यासारखा. उस्तादने आपलं अर्धं खाल्लं, म्हणाला काही नाही. मी पुन्हा पाहिलं. आहे. बॅच नापास केली. त्याचं तोंड उतरलं. मैत्री वेगळी, काम वेगळं.

डॉक्टरीणबाईंकडची तारीख पुढे ढकलली. इथे वासाचं प्रकरण असताना दात कुठे घेऊन बसू?

९ मार्च
वास वाढलाय. लोणी बदलून पाहिलं, पीठ बदललं, भट्टीचा पट्टा धुतला. वास तिथेच. मग राहिलं काय? भट्टी आणि उस्ताद.

सकाळी ब्रश करताना रक्त आलं. म्हणजे दात हलायला लागले, उपचार लागू पडतोय. हिरड्यांना त्रास नको म्हणून ब्रश तूर्तास एक दिवसाआड. दातांवर पांढरे ठिपकेही दिसतात. पांढरं होतंय ते चांगलंच.

१८ मार्च
मीटिंग. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. सगळे टेबलाच्या त्या टोकाला दाटीवाटीने. दरारा म्हणतात तो हाच. मी बोलायला लागलो तशी मॅडमनी उठून खिडकी उघडली. बाहेर लॉरीचा गोंगाट चाललेला, तरी उघडीच ठेवली. मी आणखी पुढे वाकून बोललो.

अहवाल दिला : तीन नंबरच्या भट्टीच्या देखभालीत हयगय. ‘हयगय’ हा शब्द घालताना जरा थांबलो होतो. मग घातला.

२१ मार्च
बायको हल्ली भिंतीकडे तोंड करून झोपते. म्हणते, पंख्याचा वारा सहन होत नाही. डब्यात पोळीबरोबर ब्रश आणि पेस्ट ठेवली होती. एकदा तोंड दाखवून या म्हणून मागे लागलीय. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातूनही दोन फोन. घेतले नाहीत. सगळ्यांना आत्ताच सुचतंय.

२६ मार्च
उस्तादशी वाजलं. भरल्या शेडमध्ये. त्याने बिस्किट मोडलं, मी माझं अर्धं तोंडात न घालताच नापास म्हटलं. तो म्हणाला, चाखलं तरी का? म्हटलं, इथूनच येतोय वास. तो मग एक पाऊल मागे सरकला, आवाज खाली आणून म्हणाला, तुझी तब्येत बरी आहे ना? एकदा डॉक्टरकडे जाऊन ये, मी येतो सोबत. आता हा मला आजारी ठरवणार! मी चारचौघांत सांगितलं, उस्ताद, आपलं झाकायला दुसऱ्याकडे बोट दाखवू नकोस. त्याने पुढचं बिस्किट मोडलंच नाही.

शेडचं दार आपटून बाहेर आलो. रागाने. दुसरं काही नाही.

४ एप्रिल
उस्तादला भट्टीवरून काढलं. गोदामात खोकी मोजायला. मॅडमनी मला बोलावून विचारलं, नक्की ना? तुमच्या एका शब्दावर हे होतंय. नाक सांगतं ते सांगतं. म्हटलं, नक्की.

तो जाताना हातमोजे काढून भट्टीच्या दांडीवर अडकवून गेला. माझ्याकडे पाहिलं नाही. न्याय कडूच असतो. रात्री जेवण गेलं नाही. ट्रे काढायचाही कंटाळा आला.

७ एप्रिल
भट्टीवर नवा माणूस. तरतरीत. घाई फार. बिस्किट मोडून देत नाही, ताटलीत आणून ठेवतो.

वास आहे. उस्तादने भट्टीची अशी काही वाट लावलीय की विचारू नका.

१० एप्रिल
एक नंबरला वास. दोन नंबरला वास. वास शेडभर पसरलाय, आता भिंतींत मुरला असणार. तिन्ही भट्ट्या बंद करा म्हणून लिहून दिलं. माल अडलाय, दुकानदार ओरडतायत, मॅनेजर माझ्या नावाने शंख करतोय. करू दे. उद्या हेच लोक म्हणतील, नाकाने फॅक्टरी वाचवली.

१२ एप्रिल
रविवार. घरी. उशीला वास. टॉवेलला वास. पाण्याच्या ग्लासलाही.

फॅक्टरीचा वास अंगात बसलाय. दुसरं काय असणार? दुसरं काही नाहीच. खालचा एक दात ठणकतोय. बायकोला बोललो नाही.

१५ एप्रिल, सकाळी
मॅडमनी उद्या चाचणी ठेवलीय. झाकलेली भांडी. मी, दोन्ही नवे टेस्टर, मॅनेजर समोर. गोदामातून उस्तादलाही बोलावलंय. बरं झालं, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

१६ एप्रिल
चार भांडी होती. मी पहिलं झाकण उचललं. वास. दुसरं. वास. तिसरं उचललं आणि मी लगेच म्हणालो, हाच! तीन नंबर, हीच ती बॅच, मी डोळे मिटून ओळखेन.

नवी टेस्टर मुलगी जमिनीकडे बघत होती. मॅडमनी भांडं माझ्याकडे तिरकं केलं.

कोरं होतं.

मी म्हटलं, नीट धुतलं नसेल. मॅडमनी दुसरं आणवलं, माझ्यासमोर धुतलं, पुसलं, झाकलं. मग म्हणाल्या, बघा. मी झाकण उचललं. वाकलो. तोच वास. माझाच श्वास भांड्याच्या तळाला लागून माझ्याच तोंडावर परत येत होता.

उस्ताद खिडकीशी उभा होता. मला वाटलं हसेल. त्याने मान फिरवली.

मॅडमनी विचारलं, नियम काय आहे? मी म्हटलं, घरी पाठवायचं.

१७ एप्रिल
डॉक्टरीणबाई. त्यांनी ट्रे काढून दिव्याखाली धरले. आतून पिवळट थर, दाताच्या प्रत्येक खोबणीत बिस्किटाचा लगदा वाळून बसलेला. त्यांनी मास्कवर दुसरा मास्क चढवला. विचारलं, खाताना काढत होता ना? मी जिभेवर विरघळवण्याचं तंत्र समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे दिवसभर तुम्ही साखर दातांवर बांधून हिंडत होता.

हिरड्यांत पू. तीन दात किडले, त्यातला एक खोलवर. पांढरे ठिपके म्हणजे किडीची सुरुवात. ट्रे बंद. आधी सफाई, मग भरणं, मग हिरड्या बऱ्या झाल्या तर पुढचं. समोरचा दात शेजाऱ्यावर रेललेलाच राहील तोवर.

घरी येऊन बायकोला म्हटलं, तुला कळत होतं तर तोंडावर का नाही सांगितलंस? ती म्हणाली, रोज सांगत होते. तुम्हाला ऐकू यायचं ते वेगळंच.

२१ एप्रिल
मॅडमचा फोन. उस्तादला परत भट्टीवर बोलावलं होतं, माफी मागून. तो नाही म्हणाला. राजीनामा दिला. मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं, म्हणाल्या ते झोपलेत. आतून त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी पायरीवर बसलो. थोड्या वेळाने तोच बाहेर आला. म्हणाला, वास मला केव्हाच कळला होता. जूनचं तुझं काम बिघडेल म्हणून चारचौघांत बोललो नाही. मी रडलो. तिथेच, पायरीवर. म्हटलं, परत चल. तो म्हणाला, भट्टीवर यायला हरकत नाही रे, पण पहिलं बिस्किट मोडून देऊ कुणाला?

२९ एप्रिल
मुख्य टेस्टर म्हणून नव्या मुलीचं नाव लागलं. जूनचीही वाट पाहिली नाही. तिचे दात सरळ आहेत. मला हिशेब-खात्यात टाकलंय, पहिल्या मजल्यावर, शेडपासून लांब.

दात साफ झाले, भरून झाले. दिवसातून तीनदा घासतो. बायको आता माझ्याकडे तोंड करून झोपते. पंख्याचा वारा सहन होऊ लागलाय.

संध्याकाळी तिने दुकानातून आमचंच पाकीट आणलं. शिक्का तीन नंबरचा, माल ताजा. एक बिस्किट काढलं आणि हातांनी आपोआप मोडलं. अर्धं बशीत ठेवलं. अर्धं तोंडात घातलं आणि अडीच महिन्यांनी चावलं.

लोणी. स्वच्छ, गोड लोणी. फडकं नाही, काही नाही. आणि मग, अगदी शेवटी, जिभेच्या मागे, करपलेल्या साखरेची चव. थोडीशीच. नवा माणूस भट्टी घाईने तापवतोय. उस्तादच्या हातून हे कधी झालं नसतं.

दुसरं बिस्किट खाल्लं. तिसरं. करपलीय, शंभर टक्के करपलीय. उद्या तिन्ही पाळ्यांचा माल असाच जाईल.

फोन हातात घेतला. मॅडमचा नंबर काढला. मग ठेवून दिला. आता हे मी कुणाला सांगू?