तिसरी हाक

४ जानेवारी १९५६

खटला चालू असलेला, तुरुंगातला कच्चा कैदी आजारी पडला, तर त्याला इस्पितळात न्यायचा हुकूम कोणाचा, जेलरचा की कोर्टाचा? मुलाखतीत मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. तरी नोकरी मिळाली! घरातली पहिली बी.ए. मी. क्लॅरिस कोर्टात लागली, असं आईने मरोळ गावठाणभर सांगितलं. पपा म्हणाले, आता भात लावायला काय मॅजिस्ट्रेट येणार?

माझं टेबल आरोपीच्या पिंजऱ्यासमोर आहे. अर्ज आधी माझ्याकडे येतात. नियमात बसतील ते साहेबांपुढे, बाकीचे शेरा मारून परत. शिरस्तेदार कर्णिक म्हणाले, बाई, शेरा म्हणजे कोर्टाचा उंबरठा. नीट राखा.

९ जानेवारी

पट्टेवाला अनंत दारात उभा राहून प्रत्येक नावाचा तीनदा पुकारा करतो. तिसऱ्या हाकेला नंदू भोईर आला, तांब्याची तार चोरल्याचा आरोपी. खोकत होता, पिंजऱ्याचे गज घट्ट धरून. त्याची बायको सुलक्षणा अर्ज घेऊन आली. खोकल्यातून रक्त पडतं, तुरुंगात नुसतं गोड औषध पाजतात, इस्पितळात न्या. अर्ज तुरुंगामार्फत आलेला नव्हता. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘रीतसर तुरुंगामार्फत यावे.’ ती म्हणाली, बाय, साहेबाला नुसता वाचून तरी दाखव. मी तिला नियम समजावला. कर्णिकांनी माझ्या अक्षराची तारीफ केली.

२३ जानेवारी

नंदू वारला. सुलक्षणा दारातूनच सांगून गेली. रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली.

मयताचा रिपोर्ट तुरुंगाकडून येईपर्यंत यादीतून नाव कमी होत नाही, म्हणून अनंतने पुकारा केला. तिसऱ्या हाकेला रिकाम्या पिंजऱ्यात कोणीतरी खोकलं. एकानेही मान वर केली नाही.

मधल्या सुट्टीत धीर करून साहेबांना मुलाखतीतला तोच प्रश्न विचारला. ते सहज म्हणाले, कच्चा कैदी आपल्याच हुकमाने आत असतो, मग इस्पितळाचा हुकूमही आपणच द्यायचा. अर्ज समोर आला की मी त्याच दिवशी देतो.

समोर आला की.

६ फेब्रुवारी

रिपोर्ट नाही. पुन्हा पुकारा. खोकला आज जवळून आला. गजांवर ओल्या बोटांचे डाग होते. अनंत म्हणाला, बाई, गंज आहे तो, तुम्ही जरा सरबत घ्या. मी पुसले. रुमाल लाल —

२० फेब्रुवारी

रिपोर्ट नाही. आता खोकला यायला हाकेचीही गरज नाही. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना. जेवताना, पपांच्या खुर्चीमागे. खोकतो आणि थांबतो. वाट बघतो, माझ्या शेऱ्याची.

आता मंजूर करून काय — सुलक्षणाला कुठल्या तोंडाने —

५ मार्च

केलं. तिसऱ्या हाकेला मीच उठले. पिंजऱ्यात शिरले. ‘हाजिर’ म्हणाले. अनंत हसला, कर्णिक ओरडले. खोकला थांबला — एकदम.

मग माझ्या छातीत —

साहेबांनी विचारलं, बाई, इस्पितळात पाठवू का? मी तोंड उघडलं. पण माझ्या टेबलापाशी कोणीतरी बसलं होतं. मान खाली, हातात माझा टाक. माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहीत होतं, रीतसर —