धुऱ्यावरचा देव

वरूड, १२ फेब्रुवारी २०२५

चि. रोहित,

मामाचे आशीर्वाद. तुझ्या आईचा, वच्छलाताईचा खोकला आता उतरला असेल. इकडे संत्र्याला आंबिया बहाराचं फूल छान आलं आहे. फोन केला नाही, कारण या वेळी माझं बोलणं तुझ्यापर्यंत पूर्ण पोचायला हवं.

दिवाळीतल्या त्या सकाळी मी शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या देवाला रोजच्यासारखं तांब्याभर पाणी घातलं. तू मोबाईल धरून विचारलंस, "मामा, गुडघा दुखते काय?" मी म्हणालो, "दुखतेच रे. पण देवाले पाणी टाकलं का दुखणं विसरतो."

तू सगळीकडे पाठवलेल्या व्हिडिओत माझे पहिले दोन शब्द नाहीत.

मग लोक येऊ लागले. अकोल्याहून, पार धारणीहून. देवावरून ओघळलेलं पाणी तीर्थ म्हणून बाटल्यांत नेऊ लागले. ठिबकच्या नळ्या तुडवल्या, त्याचं काही नाही. मी प्रत्येकाला सांगायचो, "बापा, माहा गुडघा अजूनई दुखते." एक जण हसला. "काका, काहून लपवता? तुमीच त सांगतलं मोबाईलात!" मी लंगडत समोर उभा, आणि तो मलाच माझा व्हिडिओ दाखवत होता.

तुला सांगितलं तर तू म्हणालास, "लोकायची श्रद्धा आहे मामा, तुमाले काय तरास?" श्रद्धेचं नाव निघालं की मी गप्प होतो. तेव्हाही झालो.

मोर्शीच्या एक माणिकबाई आहेत. त्यांनी ते तीर्थ सुरू केलं आणि शुगरच्या गोळ्या सोडल्या. मागच्या आठवड्यात त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात भेटून आलो. पाय घोट्यापासून कापला आहे. वाटलं, शिव्या देतील. त्यांनी हात जोडले. "भाऊ, देवाले माह्यासाठी माफी माग. माहीच भक्ती कमी पडली."



तू एकदा त्यांना भेटून ये. मोबाईल घरी ठेवून जा.

तो दगड माझ्या बाबांनी मांडला होता. बाग लावली, तुझ्या आईचं लग्न ठरलं, सगळं आधी त्याच्या कानावर घातलं. मागितलं मात्र कधी काही नाही. परवा सकाळी त्याला शेवटचं पाणी घातलं, शेंदूर खरवडला आणि बागेतच मातीखाली ठेवलं. मामी रडली. "देव कुठी ठेवला?" म्हणाली. जागा तिलाही सांगितली नाही.

माझ्या गुडघ्याचं कुणी विचारलं, तर सांग: दुखतेच रे.

तुझा मामा,
देवीदास